कॉम्प्युटर फॉरमॅट करू न दिल्याबद्दल, ताई

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

त्या रात्री फोन ठेवताना गडबडीत नुसतं 'थँक्यू' म्हटलं, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत, कारण जुन्या मशीनवर डीटीपी (छपाईसाठी पानं जुळवणं) करणारे माझ्यासारखे गावोगावी आहेत.

तुमचा फोन आला होता तो भावाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ कधी मिळेल हे विचारायला. मी म्हटलं, कॉम्प्युटरच गेला. डेस्कटॉपवरच्या सगळ्या शॉर्टकटना नोटपॅडचं, म्हणजे साधा मजकूर लिहायच्या प्रोग्रामचं, चित्र आलेलं. पत्रिका लावायच्या पेजमेकरवर डबल क्लिक करा की कोरलवर, उघडायचं नोटपॅडच. आत सुरुवातीला इंग्रजी 'एल', मग मोकळ्या जागा, चौकोन, कसलीतरी चिन्हं. तीन पत्रिका अडकल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला होता: व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून नव्याने.

फॉरमॅट म्हणजे माझ्या धंद्यावर नांगर. पेजमेकरची शेवटची ७ नंबरची आवृत्ती २००१ ची, माझ्याकडची सीडी कधीच खराब झालेली. जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. त्यांचा नेमका फॉन्ट मशीनवर नसला, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हे सगळं परत कुठून उभं करणार होतो मी?

तुम्ही शांतपणे विचारलंत, "काका, शॉर्टकट सोडा. सी ड्राइव्हमध्ये जाऊन मूळ प्रोग्रामवर क्लिक करून बघितलं का?" बघितलं नव्हतं. केलं, आणि पेजमेकर उघडलं! डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगतो.

मग तुम्ही जे समजावलंत ते शेतकऱ्याच्या घरातलं माणूसच समजावू शकतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट बघतं आणि ती कशात उघडायची हे रजिस्ट्री नावाच्या दप्तरात शोधतं. शॉर्टकटचं शेपूट डॉट एलएनके. "मूळ सातबारा ठीक आहे काका, तुमच्या खात्यावर कुणीतरी चुकीचा फेरफार ओढलाय. तेवढा रद्द करायचा." कधीतरी 'ओपन विथ'च्या खिडकीत चुकून नोटपॅड निवडलं गेलं असणार.

विंडोजचं बटण आणि आर दाबून रेजएडिट, म्हणजे ते रजिस्ट्रीचं दप्तर बघायचा प्रोग्राम, उघडायला लावलंत. एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स. एकेक फांदी उघडत डॉट एलएनकेपर्यंत पोचलो. आत यूजरचॉइस, आणि उजवीकडे खरोखरच नोटपॅडचं नाव! मी डिलीट दाबायला निघालो तर तुम्ही थांबवलंत. आधी एक्सपोर्ट करून त्याची प्रत पेनड्राइव्हवर ठेवायला लावलीत. "आणि फक्त यूजरचॉइस हं काका, बाकी कशाला हात नाही," हे दोनदा बजावलंत. नेट न वापरणारं माझं विंडोज ७ चं मशीन, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, ते तुम्ही पेशंटसारखं सांभाळलंत. रीस्टार्ट केल्यावर सगळे आयकॉन आपापल्या रूपात परत आले.

डॉट ईएक्सईचाच, म्हणजे खुद्द प्रोग्रामच्या शेपटाचाच, संबंध तुटला असता तर काय करायचं, हेही तुम्ही सांगून ठेवलंत. कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडून बघायचा. तिथून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, मिळालाच, तर त्यात असॉक, जागा, डॉट ईएक्सई, बरोबरचं चिन्ह, ईएक्सईफाइल. त्याने नाही भागलं तर पुढचं काही न करता तुम्हाला फोन. हे मी कीबोर्डशेजारच्या भिंतीवर इंग्रजीत लिहून चिकटवलंय.

दुरुस्तीवाल्यावर माझा राग नाही, पण बिघाड कुठे आहे हे न बघता सगळं पुसायला सांगणं मला पटत नाही. तुम्ही पाऊण तास फोनवर थांबलात, घरात लग्नाची धांदल असताना. तुमच्या भावाची पत्रिका त्याच रात्री लावली आणि बाकी दोन्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेल्या. पत्रिकेचे पैसे मी घेणार नाही. तुमचे वडील दोनदा येऊन गेले, त्यांना तुम्हीच समजवा.

ती एक्सपोर्ट केलेली प्रत अजून पेनड्राइव्हमध्ये आहे. आता पुसली तर चालेल का, तेवढं कळवा.

आपला,
पत्रिकेवाले काका