खात्रीचा भाजीपाला कुठं मिळेल, विचारलंस म्हणून

कागल

चि. निखिल यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परीला आता सहा महिने पूर्ण होतील, वरचं अन्न सुरू करायचंय, तर सेंद्रिय भाजी-धान्य खात्रीचं कुठं मिळेल, असं तू परवा फोनवर विचारलंस. एखाद्या दुकानाचं नाव सांगून हा प्रश्न सुटणारा नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. पाकिटावर काय छापलंय यापेक्षा पिकवणारा कोण आहे हे आधी बघावं, असं माझं मत आहे. आणि त्याला नेमकं काय विचारायचं हे कळायला दोन-चार झाडं स्वतःच्या हातानं वाढवावी लागतात.

वांग्याचंच बघ. त्यावर शेंडे आणि फळं पोखरणारी अळी पडते. पतंग पानावर अंडी घालतो आणि अळी बाहेर आली की थोड्याच वेळात कोवळ्या शेंड्यात नाहीतर फळात शिरते. एकदा आत गेली की वरून कितीही मारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. ती आत जायच्या आधी गाठायची म्हणून फवारण्या वाढत जातात. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं. पण वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांनी येतो, भेंडी तर एक दिवसाआड काढावी लागते. थांबलं तर माल जून होतो आणि बाजारात कुणी विचारत नाही. मिरची-टोमॅटोचीही हीच गत. यात शेतकऱ्याला नुसती नावं ठेवून भागत नाही, कारण औषधाचा पहिला मार त्यालाच बसतो. २०१७ साली यवतमाळ भागात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. विषमुक्त शेती मला हवीशी वाटते ती परीसाठी, तशीच त्या पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या माणसासाठीही.

मिठाच्या पाण्यात भाजी बुडवली की झालं, असं समजू नका. आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून फिरतात, ती धुऊन जात नाहीत. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की वरवरचं निघतं, तेवढं मात्र नेमानं करा.

सगळंच सेंद्रिय घ्यायचं म्हटलं तर तुमच्या पगारालाही झेपणार नाही, आणि तशी गरजही नाही. ज्यांचे तोडे लवकर लवकर येतात त्या वांगी, भेंडी, मिरची, टोमॅटोसाठी, आणि फ्लॉवर-कोबीसाठी आधी पैसे मोडा. सुरण, रताळं, लाल भोपळा, अळू यांवर मुळात फवारण्या कमी असतात, ते नेहमीच्या मंडईतून आणलं तरी चालेल. फ्लॉवर थंडीतच खा, पावसाळ्यात नको. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी मिळाली तर जरूर आणा, रानभाजीवर कुणी फवारत नाही.

आता पाकिटांचं. 'जैविक भारत'चं, म्हणजे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह असेल तर त्यामागं काही तपासणी झालेली असते. रासायनिक शेती सोडल्यावर प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना किमान २ वर्षं आणि बारमाही पिकांना ३ वर्षं संक्रमणाचा काळ धरतात. पीजीएस नावाची दुसरी पद्धत आहे, तीत शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. छोट्या शेतकऱ्याला ती परवडते आणि मला जवळची वाटते. पण पाकिटावर चिन्ह नाही, पिकवणाऱ्याचा पत्ता नाही आणि भाव मात्र दुप्पट, असा माल घेऊ नकोस. त्यापेक्षा तुमच्या सोसायटीत आठवड्याला भाजी आणणारा शेतकरी गाठ. कीड कशी आवरतोस, खत कुठलं घालतोस, शेजारच्या रानातली फवारणी तुझ्याकडं येते का, हे विचार. खरं काम करणारा माणूस असल्या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलून बोलतो.

गुळाचंही तसंच आहे. आपल्याकडं गुऱ्हाळात काहिलीत रस तापायला लागला की भेंडीची ताटं ठेचून काढलेलं चिकट पाणी सोडतात. मळी वर येते, गुळव्या ती झाऱ्यानं काढत राहतो. असा गूळ तांबूस तपकिरी निघतो. पिवळाधमक रंग बहुतेक वेळा हायड्रॉस नावाच्या रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीचा असतो, पण गिऱ्हाईकालाच तो रंग हवा असतो म्हणून ती घालतात. तू तपकिरी रवा, म्हणजे गुळाची ढेप, मागायला लागलास की गुऱ्हाळवालाही तसाच काढेल. हा गूळ तुमच्यासाठी हं. परीला इतक्यात गूळ, साखर, मीठ काही नको, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच बरोबर आहे.

तिच्यासाठी आई नाचणीचं सत्त्व करतेय. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून मोड आणलेत, सावलीत वाळवून मंद भाजायची, दळायची आणि मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करायची. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात दहाच्या आसपास. नाचणी आपल्या माळावरची आहे, त्यामुळं तिची चौकशी करायची गरज नाही.

आता तुमच्या बाल्कनीचं. ऊन चार तास असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर होईल. वांगी-मिरचीला सहा तास तरी लागतं. फळांचा जुना क्रेट घे, तळाला नारळाच्या शेंड्या पसर, वर सुका पालापाचोळा आणि अर्धवट कुजलेलं ओल्या कचऱ्याचं खत, आणि थोडीच माती. नुसत्या मातीनं वजन वाढतं आणि पाणीही तुंबतं. धणे पेरताना रगडून दोन फाका कर. मेथी महिन्याच्या आत काढायला येते, तीच आधी लाव म्हणजे प्राजक्तालाही हुरूप येईल.

पण एक तरी वांग्याचं झाड लाव, असा माझा आग्रह आहे. महिनाभरात रोप लावण्याजोगं होईल. पुढं कधीतरी एखादा शेंडा मान टाकलेला दिसेल. तो खुडून नखानं चीर, आत गुलाबीसर पांढरी अळी सापडेल. शेंडा अळीसकट नष्ट कर आणि रोज सकाळी झाडावरून नजर फिरव. मावा दिसला तर ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवार. दोन झाडांना एवढं लक्ष द्यावं लागतं, मग एकरभर वांगी औषधाशिवाय आणणाऱ्यानं किलोला दहा रुपये जास्त मागितले तर घासाघीस करू नकोस.

सत्त्व, दोन रवे गूळ आणि वांग्या-मेथीचं बियाणं रविवारच्या एसटीनं येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर पाठवतोय. वांग्याचं बी घरचं आहे, त्यातलं थोडं पुढच्या वर्षासाठी कोरड्या डबीत राखेत घालून ठेव.

तुझे,
अण्णा