‘समजा’वर दिलेला निकाल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ब्राझीलसारखी निवडणुकांसाठी स्वतंत्र न्यायालये आपल्याकडेही असावीत, असे सुचवणारे पत्र आपल्या अंकात वाचले. कल्पना वाईट नाही. पण ३१ वर्षे दिवाणी कोर्टात कारकुनापासून शिरस्तेदारापर्यंत नोकरी केल्यामुळे मला त्यात एक गोष्ट खटकते.

आमच्याकडे एकदा एका पक्षकाराने भर कोर्टात विचारले, “साहेब, समजा भावानं उद्या बांध कोरला तर?” साहेब मान वर न करता म्हणाले, “कोरू द्या, मग दावा लावा.”

ब्राझीलच्या सर्वोच्च निवडणूक न्यायालयात मात्र ‘समजा’ला उत्तर मिळते, आणि ती सोय कायद्यातच आहे. हे न्यायालय खटले चालवते, मतदान घेते, नियम काढते आणि राष्ट्रीय पक्षांनी विचारलेल्या शंकांना उत्तरेही देते. २००७च्या मार्चमध्ये एका पक्षाने विचारले की, निवडून आलेल्याने पक्ष सोडला तर जागा कोणाची? उत्तर आले, पक्षाची. ना वादी, ना प्रतिवादी, आणि ज्याची खुर्ची जाणार त्याला नोटीसही नाही. असल्या कामाच्या रोजनाम्यात मी काय लिहिले असते कोण जाणे! ऑक्टोबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरले आणि त्याच महिन्यात निवडणूक न्यायालयाने ठराव क्रमांक २२६१० काढला. कोणत्या कारणाने पक्ष सोडलेला चालेल, हेही त्यानेच ठरवले. संसदेत हा कायदा झालाच नव्हता.

पक्षबदलूंचा मलाही तिटकारा आहे, उत्तर मला पटलेही. पण २००२चे उदाहरण पाहा. त्या वर्षी फेब्रुवारीत, ऑक्टोबरची निवडणूक तोंडावर असताना, अशाच एका शंकेचे उत्तर म्हणून राज्यांतल्या आघाड्या राष्ट्राध्यक्षपदाच्या आघाडीशी बांधून टाकल्या गेल्या; म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी समोरासमोर असलेल्या पक्षांना राज्यात हातमिळवणी करता येईना. ती गाठ सोडवायला संसदेला २००६मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली. २०१३मध्ये तर कोणत्या राज्याला किती खासदार, याचाच नवा हिशेब या न्यायालयाने मांडला. तो पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

पण दाद मागायला वर गेले तरी ओळखीचेच चेहरे भेटतात. निवडणूक न्यायालयाच्या ७ न्यायाधीशांपैकी ३ सर्वोच्च न्यायालयातलेच असतात.

ठरावांनी हक्क कमी करू नयेत, कायद्यात नसलेली शिक्षा लावू नये, अशी तरतूद २००९मध्ये झाली खरी. तरी २०२२मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाच्या दुसऱ्या फेरीच्या अवघे १० दिवस आधी नवा नियम आला. समाजमाध्यमांनी खोटा ठरवलेला मजकूर २ तासांत काढावा, नाहीतर तासाला १ लाख ते दीड लाख रेआल (तिथले चलन) दंड. शिवाय एका मजकुरावरचा निर्णय तशाच दुसऱ्या मजकुराला लावण्याचा अधिकार न्यायालयाच्या अध्यक्षांना. सर्वोच्च न्यायालयाने हा ठराव वैध ठरवला. अफवा किती वेगाने पसरतात ते मीही पाहतो, त्यामुळे याबाबत माझे मन अजून दोन्हीकडे झुकते.

तेव्हा असे न्यायालय आणायचेच असेल, तर शंकानिरसनाचे आणि नियम करण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावे. आमच्या छोट्याशा कोर्टातही पैसे आणि समन्स-बजावणी पाहणाऱ्या नाझराचे आणि दाव्याचे कागद तपासणाऱ्या शिरस्तेदाराचे टेबल एक नव्हते.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार