दिल्या, फोनवर सांगण्यासारखं नाही

पुणे, रविवार रात्र

प्रिय दिल्या,

दोन वर्षांनी पत्र, तेही कागदावर, म्हणून कोणी गेलं की काय असं समजू नकोस. सगळे आहेत. माझी शुगर गोळीवर, सुधाचा गुडघा आहे तिथेच. फोन केला असता, पण सुधा शेजारी असते आणि तुझा फोन कायम स्पीकरवर, अख्ख्या वाडीला ऐकू जातो.

ओंकार एमडी घेतो. मेफेड्रोन, नशेची पावडर. एवढं लिहायला पाऊण तास लागला. मधे उठून दूध विरजून आलो.

कळलं ते दातांवरून. दाढ दुखते म्हणून गेला, तर डेंटिस्ट विचारते, झोपेत दात खातोस का? चोवीस वर्षांच्या घोड्याच्या दाढा माझ्यापेक्षा झिजलेल्या. सुधा म्हणाली, जंत झाले असतील. खरंच जंताची गोळी दिली तिने, आणि हा पठ्ठ्याही गपचूप गिळून मोकळा. मग परवा पँट धुवायला टाकताना त्याच्या पाकिटात शंभराची नोट दिसली. कोरी. टेबलावर सपाट केली, हात काढला की परत सुरळी. चारदा केलं. एका कडेला पिठासारखं काहीतरी. तुला पुढचं सांगायला नको. तुझ्या भावाच्या, बाळ्याच्या खिशातली काळी पडलेली चांदी तू मला दाखवली होतीस, तेव्हा मी म्हणालो होतो, चॉकलेटची असेल.

विचारलं तर म्हणतो, ‘बाबा, हे गर्द नाहीये.’ म्हणजे गर्द, ब्राउन शुगर घेणारे ते स्टेशनबाहेर पडलेले, आणि हे पगारदार पोरांचं शनिवारचं. चौघं मिळून वर्गणी काढतात. शब्द त्याचाच, वर्गणी. मी म्हटलं, पावती फाडता का? आपल्याच विनोदाला हसलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

आणि दिल्या, विषय माझा! तीस वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवली (तू माझं जर्नल उतरवून पास झालास, ते सोड). मेफेड्रोन म्हणजे येमेन-इथिओपियाकडे लोक ‘खात’ नावाच्या झुडपाचा पाला चघळतात ना, त्यातल्या द्रव्याचं कारखान्यातलं भावंड. १९२९ साली पहिल्यांदा केलं कोणीतरी, मग पाऊणशे वर्षं विचारलंही नाही कोणी. पुढे युरोपात झाडांचं खत म्हणून पाकिटं विकली. इंग्लंडने २०१० साली बंदी घातली, आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं २०१५ ला. २०२४ च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या एमआयडीसीतला याचाच कारखाना पकडला, तिथपासून दिल्लीच्या गोदामापर्यंत मिळून १,७०० किलोंच्या वर माल निघाला, आठवतं? त्यात एक केमिकल इंजिनियर होता. ती बातमी वाचून मी दोन दिवस जुन्या बॅचेस आठवत होतो, आपला कोणी विद्यार्थी नसेल ना बनवणाऱ्यांत. घेणाऱ्यांत आपलं कोणी असेल हे डोक्यातही आलं नाही. ओंकार तेव्हा समोर बसून पोहे खात होता.

बाळ्याला टर्की यायची, म्हणजे गर्द न मिळाल्याचा त्रास व्हायचा, तेव्हा वाड्यात सगळ्यांना कळायचं. याला तसलं काही होत नाही. दीड-दोन तासांत उतरतं, म्हणून रात्रभर परत परत, रविवारी दिवसभर झोप, सोमवारी लॉगिन. मंगळवार-बुधवारी तोंड पाडून बसायचा, धड जेवायचा नाही. आम्ही ऑफिसचं टेन्शन समजून बदाम भिजवत होतो! डॉक्टर म्हणतात, यावर उतारा म्हणून अशी गोळी नाही. झोप सावरायची, बोलत राहायचं, शनिवार सांभाळायचा. दोन शनिवार झाले. आम्ही तिघं रमी खेळतो. सुधा लबाडी करते.

वकिलाकडेही जाऊन आलो. नुसता घेणारा आपणहून उपचाराला गेला तर त्याच कायद्याच्या कलम ६४ ए खाली सूट मिळते म्हणे. पण वर्गणीचा माल आणायला जायचा ओंकारच. मग तो घेणारा की पुरवणारा? वकिलाने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागला.

वसंता काल म्हणाला, ‘दोन कानाखाली द्या आणि आठ दिवस कोंडून ठेवा, सुटतं.’ अरे, हेच वाक्य! १९८६, गुडलक, बन-मस्का. मी तुला म्हणालो होतो, अगदी याच शब्दांत, वर ‘आईने लाडावलाय’ हेही. तू चहा अर्धा टाकून उठलास. बिल मी दिलं, ते अजून येणं आहे. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र नुकतंच निघालं होतं तेव्हा, मनोरुग्णालयाच्या आवारात. तू बाळ्याला डबलसीट येरवड्याला न्यायचास आणि मी काकूंसमोर म्हणायचो, वेड्यांच्यात नेतोय. त्या काही बोलायच्या नाहीत, परत चहा टाकायच्या. बाळ्याच्या दहाव्याला आलो, तेव्हाही तुझ्याशी पावसापाण्याचंच बोललो. काल वसंताला घालवून दिला आणि जिन्यात उभा राहिलो तेव्हा तुझा तो टाकलेला कप दिसत होता.

कलमांना मोहोर आला का? मंजूला दुसरा मुलगा झाल्याचं कळलं, अभिनंदन, आहेर उधार. मोतीबिंदूचं लांबवू नकोस.

आता ज्यासाठी लिहितोय ते. समुपदेशक बाई म्हणाल्या, पगाराचं कार्ड तुमच्याकडे ठेवा. ठेवलंय. रोज सकाळी तो माझ्यासमोर हात पुढे करून पेट्रोलला पैसे मागतो, चोवीस वर्षांचा पोरगा, आणि बघतो मात्र भिंतीकडे. तू बाळ्याला रोज पाच रुपये द्यायचास. सगळं माहीत असून. मी तुला मूर्ख म्हणालो होतो. का द्यायचास रे? लिहून कळव, फोन नको.

तुझा
अव्या

ता. क. पत्ता जुनाच आहे, फक्त पाकिटावर माझं नाव ठळक लिही. नाहीतर सुधा फोडते.