लांब बार म्हणजे फास्ट कटिंग, हे कुणी सांगितलं?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात चेनसॉ कसा निवडावा यावर माहिती आली होती ती वाचली, बाकी ठीक होतं पण त्यात एक वाक्य होतं की बार (चेन जिच्या कडेने फिरते ती पुढची लांब पट्टी) जितका लांब तितकं लाकूड लवकर कापलं जातं. हे साफ चूक आहे, आणि मी स्वतः याच समजुतीत एकदा फसलोय म्हणून लिहायला बसलो.

माझं मशीन ५० सीसीच्या आसपासचं, त्याला आधी १६ इंची बार होता, छान चालायचं. मग डोक्यात आलं की २० इंची टाकू, दात जास्त म्हणजे काम जास्त. टाकला. पहिल्याच दिवशी १० इंच जाडीचा ओंडका घेतला तर वेळ तेवढाच, उलट मशीन जरा जडच वाटायला लागलं! मला वाटलं चेनच बोगस मिळाली. नंतर शांतपणे हिशोब केला तेव्हा कळलं की चेन बिचारी बरोबर होती, गणित माझंच चुकलं होतं.

बघा, चेन किती जोरात पळणार हे इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे), स्प्रॉकेटचे म्हणजे चेन ओढणाऱ्या चाकाचे दात आणि चेनचा पिच (ओळीतल्या तीन रिव्हेटमधल्या अंतराच्या निम्मं) एवढ्यावरच ठरतं. ३/८ इंच पिचची चेन आणि ७ दाती स्प्रॉकेट असेल तर दर दाताला दोन पिच, म्हणजे पाऊण इंच, धरून एका फेऱ्यात चेन सव्वापाच इंच म्हणजे साधारण १३३ मिमी सरकते, ९००० आरपीएमला हिशोब केला तर सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किमी! आता यात बारची लांबी कुठे आली सांगा, कुठेच नाही. १६ लावा, २० लावा, आरपीएम तेवढेच असतील तर चेन तेवढीच पळणार.

राहिला दातांचा मुद्दा. १६ इंची बारवर ३/८ ची चेन साधारण ६० ड्राइव्ह लिंकची (स्प्रॉकेटमध्ये अडकणाऱ्या खालच्या कड्या), २० इंचीवर ७२ ची, आणि नेहमीच्या चेनला दर दोन ड्राइव्ह लिंकमागे एक कापणारा दात, म्हणजे ३० विरुद्ध ३६. वाटतं की सहा दात जास्त मिळाले. पण दोन दातांतलं अंतर दीड इंच असतं, १० इंच लाकडात एका वेळी सहा-सात दातच असणार, बाकीचे हवेत फिरतायत. रहाटाचंच बघा ना, माळ लांब केली म्हणून मिनिटाला जास्त गाडगी वर येत नाहीत, फक्त पाणी जास्त खोलवरून काढता येतं. लांब बारचंही तसंच, त्याने जाड खोडापर्यंत पोच वाढते, वेग नाही.

आणि ती पोच फुकट मिळत नाही. लांब चेन ओढायची, बारच्या खाचेत तिचं घर्षण जास्त, तेल जास्त लागतं (पंपाचा स्क्रू ॲडजस्ट होत असेल तर तो वाढवावा लागतो, मी विसरलो होतो आणि बार तापून निळा पडायची वेळ आली), शिवाय मशीनचा तोल पुढे जातो आणि संध्याकाळी मनगटं बोलायला लागतात. पण खरी गंमत २० इंच जाड लाकडात पूर्ण बार आत गेल्यावर होते. तेव्हा एकदम तेरा दात लाकूड ओढतायत, इंजिनाची ताकद मात्र तेवढीच, मग आरपीएम पडतात, ९००० चे ७००० झाले की चेन २० वरून साडेपंधरा मीटरवर येते, आणि त्यात तुम्ही वरून दाब दिला की आरपीएम अजून खाली आणि क्लच घसरून गरम. लोक म्हणतात मशीन कमजोर आहे, मशीन कमजोर नाही हो, त्याच्या गळ्यात मोठं ओझं बांधलंय. ५० सीसीला १६ ते १८ इंच सुखाचं, २० म्हणजे ओढाताण, ७० सीसीला २० ते २४ आरामात चालतं, आणि ३० च्या वर जायचं तर ९० सीसीच्या घरातलं मशीन पाहिजे. एवढ्या लांब बारवर बरेच जण स्किप चेन लावतात, म्हणजे दात मुद्दाम कमी, त्यामुळे इंजिनावर लोड कमी येतो आणि भुशाला बाहेर पडायला जागा मिळते. दात कमी करून काम सुधारतं, आता बोला!

लांब बार वाईटच असं मी म्हणत नाही. जाड खोडाला आखूड बार असेल तर दोन्ही बाजूंनी कापावं लागतं, दोन काप जुळत नाहीत, आणि टोक लाकडात रुतलेलं असताना किकबॅकची, म्हणजे बार झटक्यात उलटा अंगावर येण्याची, भीती वेगळीच. तिथे लांब बार आणि त्याला पेलणारं मशीन असेल तर एका फटक्यात काम होतं आणि एकूण वेळ वाचतो. बहुतेक तुमच्या लेखकाचा घोळ इथेच झाला असावा. जमिनीवर पडलेल्या फांद्या छाटतानाही लांब बारने कमी वाकावं लागतं, ज्याची कंबर धरते त्याला याची किंमत कळेल.

ज्याला खरंच स्पीड पाहिजे त्याने आधी कानस हातात घ्यावी. ३/८ इंच पिचच्या चेनला ५.५ मिमीची, ०.३२५ इंचवालीला ४.८ ची, आणि दाताच्या पुढची जी बुटकी खुंटी असते ती दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली आहे ना हे गेजने बघावं, कारण दात घासून घासून खाली येतो आणि खुंटी तिथेच राहते, मग धार कितीही लावा चेन लाकडावर नुसती घसरते. पिठासारखा भुसा पडायला लागला की समजायचं दात बोथट झालेत, धार असेल तर जाडसर कीस उडतो. मी १६ इंची बार परत चढवला, नीट धार लावली, आणि त्याच जाडीचा ओंडका आधीपेक्षा लवकर पडला. २० इंची भिंतीला टांगलाय, वर्षातून एखादं जाड खोड आलं तर निघतो.

तेव्हा एक छोटी दुरुस्ती छापा ही विनंती, आणि पुढच्या वेळी बारच्या लांबीचं कोष्टक दिलंत तर शेजारी सीसीचा रकाना पण टाका.

तुमचा एक वाचक