चेकला दोन सह्या, ओटीपी मात्र एकाकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातील एका जुन्या वाचनालयाचा मी विश्वस्त आहे. गेल्या महिन्यात आमच्या कारकुनांना अनोळखी क्रमांकावरून, पण अध्यक्षांचे छायाचित्र लावलेला व्हॉट्सॲप संदेश आला : ‘सर, मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, या खात्यावर तातडीने ४८ हजार पाठवा.’ पैसे वाचले, पण त्याचे श्रेय आम्हा विश्वस्तांना नाही. अध्यक्ष कारकुनांना कायम ‘मास्तर’ म्हणतात, ‘सर’ कधीच नाही, एवढ्यावरून मास्तरांना शंका आली.

नंतर चौकशी केली तेव्हा आमचाच कारभार उघडा पडला. चेकवर दोन विश्वस्तांच्या सह्या हव्यात हा ठराव आम्ही वर्षानुवर्षे कसोशीने पाळला. नेट बँकिंग आले तेव्हा मात्र पासवर्ड मास्तरांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आणि ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर, ही रीत कोणत्याही ठरावाशिवाय पडून गेली. एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय अनेक बँका संस्थांना देतात. आम्ही ती मागितलीच नव्हती. ग्राहकानेच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात सांगितले होते. आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये घोर निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान विश्वस्तांकडून वसूल करण्याची तरतूद आहे.

पैशाइतकीच देणगीदारांची माहितीही जोखमीची आहे. देणगीवरील प्राप्तिकर सवलतीसाठी देणगीदारांचे विवरणपत्र भरताना त्यांची नावे, पत्ते व पॅन क्रमांक आपल्याकडे जमा होतात, आणि ती यादी पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात नेणारे आमच्यातही आहेत.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो, पण संस्थेचा ई-मेल आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक जुन्या सचिवांकडेच राहतो. धर्मादाय कार्यालयाने बदल अर्जाच्या वेळीच ही खाती हस्तांतरित झाल्याची लेखी नोंद मागावी, आणि फसवणूक होताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करण्याची सूचना आपल्या फलकावर लावावी, अशी विनंती आहे. आमच्या वाचनालयात तो क्रमांक आता मास्तरांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. पासवर्डचा पुठ्ठा फाडून टाकला.

– एक विश्वस्त, कोल्हापूर