जाहिरातीत इंजिनाचे तासही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या छोट्या जाहिरातींत जुन्या ट्रेलरचे घोडे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनगाड्या, विकायला असतात. 'कमी चाललेला, सील पॅक इंजिन (कधी न उघडलेलं)' एवढीच ओळ. तसल्याच एका ओळीवर मी दोन वर्षांपूर्वी भाळलो.

समोर दोन घोडे होते, दोन्ही 2018 चे. धुळ्याचा 7 लाख 80 हजार किलोमीटर चाललेला, भुसावळचा 4 लाख 12 हजार. मी भुसावळचा घेतला. धुळ्याचा शालकाने घेतला, तेव्हा मी त्याला हसलो होतो.

आठ महिन्यांत माझी गाडी फेरीगणिक ऑइल प्यायला लागली. लळिंगच्या घाटात निळा धूर. मिस्त्रीने स्कॅनर लावला, त्यात इंजिन एकूण किती तास चाललं ते दिसतं. मी चालवलेले तास वजा करूनही, घेतली तेव्हाचे 19,600 तास भरले. म्हणजे ताशी जेमतेम 21 किलोमीटर. शालकाने स्कॅनर घेण्याआधीच लावला होता: 20,500 तास, ताशी 38.

"भाऊ, हाई इंजिन पळेल कमी, उभं जास्ती ऱ्हायेल शे," मिस्त्री म्हणाला. म्हणजे पळालंय कमी, उभं राहूनच जास्त चाललंय.

गाडी आधी दीपनगरच्या वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या बल्करला, म्हणजे बंद टाकीच्या ट्रेलरला, होती. राख उतरवायला हवेचा दाब लागतो आणि त्या गाडीचा कॉम्प्रेसर घोड्याच्याच इंजिनावर चालायचा. चाकं उभी, इंजिन तापतंय, मीटर ढिम्म. वरून राखेची धूळ. एअर फिल्टरकडून टर्बोला जाणाऱ्या रबरी पाइपात मिस्त्रीने पांढरं फडकं फिरवलं, ते करडं निघालं. फिल्टर ओलांडून आलेली ती राख पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) घासत बसली होती. इंजिनकामाचं बिल 2 लाख 80 हजार.

घेताना मी काय पाहिलं? टायर, रंग आणि डिपस्टिकवरचं मधासारखं ऑइल. ते आदल्याच दिवशी बदललेलं! त्याचा नमुना लॅबला दिला असता तरी काही हाती लागलं नसतं. इंजिनही मी पोचायच्या आधी गरम करून ठेवलेलं, म्हणजे थंड असताना सुरू होतानाचा त्रास दिसू नये. शालक पहाटे न सांगता गेला. रेडिएटरला हात लावून थंड असल्याची खात्री केली, मगच सेल्फ मारायला लावला. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून नुसतंच वर ठेवलं. ते जागेवर थरथरत राहिलं, उडालं नाही. रिंगा झिजल्या की आतला दाब तिथून वर येतो, माझ्या गाडीचं टुणकन उडालं असतं.

कर्ज देणाऱ्यांचा व्हॅल्युअर चेसिस नंबर उतरवून, चार फोटो काढून दहा मिनिटांत मोकळा झाला. आरटीओचं फिटनेस ब्रेक, दिवे, धूर बघतं. लायनरशी त्याला काय घेणं? ते सर्टिफिकेट मी इंजिनाचंच समजत होतो, ही चूक मात्र माझी.

व्हॅल्युएशनच्या कागदावर तासांचा रकाना हवा, पण ते होईल तेव्हा होईल. जाहिरातीचा फॉर्म तर आपल्याच हातात आहे. त्यात 'इंजिन तास' एवढा एक रकाना वाढवा. ज्याला लपवायचंय तो रिकामा सोडेल. आम्हाला तेवढं पुरे.

आपला,
एक ट्रेलरमालक
ता. भुसावळ, जि. जळगाव