कव्हर शिवताना जाडी कुठे जाते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

टॅब्लेट किंवा ई-रीडरसाठी फोम घातलेलं कापडी कव्हर शिवण्याच्या कृती पुरवण्यांमधून अधूनमधून येतात. त्यातल्या बऱ्याच कृतींत मापाचं एकच वाक्य असतं : ‘लांबी-रुंदीत एक इंच वाढवून कापड कापा.’ या वाक्यापायी चांगलं कापड वाया जातं, म्हणून हे पत्र.

हिशेबच मांडू. यंत्र, म्हणजे टॅब्लेट किंवा ई-रीडर, १७.५ सेंटिमीटर लांब, १२.५ रुंद आणि ०.८ जाड आहे असं धरा. रुंदीत एक इंच वाढवला की झाले १५. दोन्ही कडांची एकेक सेंटिमीटर माया (शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) शिलाईत गेली, उरले १३. पुढचा-मागचा भाग मिळून घेर २६. यंत्राचा स्वतःचा घेर मात्र २६.६. फोम घालायच्या आधीच कव्हर तोकडं! त्यात ४-५ मिलिमीटरचा फोम वळताना आतून आणखी सुमारे दीड सेंटिमीटर घेर खातो. म्हणून रुंदी अशी धरावी : यंत्राची रुंदी १२.५, जाडी ०.८, सैलपणा १.२ आणि माया २, एकूण १६.५. तळाला शिलाई घेऊ नये, एकच लांब पट्टी दुमडावी. तिची लांबी ४१ सेंटिमीटर पुरते. तळाशी जोड नसला की यंत्राचं वजन टाक्यांवर येत नाही.

सुती कापड कापण्याआधी धुवून घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात कव्हर आटतं. बाहेरचं कापड आणि फोम चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठे घ्यावेत, कच्चा धावदोरा घालावा, दोन्ही थर एकत्र धरणाऱ्या टिपा माराव्यात आणि मगच मापात कापावेत, कारण टिपा मारल्यावर तुकडा आकसतो. टिपा मधून कडेकडे माराव्यात. शिलाई मशीनचे दाते फक्त खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे रेंगाळतो. कडेपासून सुरुवात केली तर शेवटी चुणी पडते आणि ती उसवल्याशिवाय जात नाही. सुई १६ नंबरची, टाका ३ मिलिमीटरचा.

अस्तर त्याच मापाचं कापावं, पण शिवताना माया १ ऐवजी १.३ सेंटिमीटर घ्यावी. फोमने खाल्लेला घेर इथे जुळतो आणि अस्तर आत गोळा होत नाही. अस्तराच्या एका कडेला ८ सेंटिमीटर शिलाई सोडून ठेवावी. बाहेरची आणि अस्तराची, अशा दोन्ही पिशव्यांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून तोंडाला गोल शिलाई मारावी आणि त्या फटीतून कव्हर उलटवावं. बाजूची शिलाई झाल्यावर मायेतला फोम त्या शिलाईपर्यंत छाटावा, तिच्या आत कात्री नेऊ नये. कोपरे नीट वळावेत म्हणून पुष्कळजण तिथला फोम आधीच उडवून टाकतात, आणि यंत्र पडतं ते नेमकं कोपऱ्यावर.

फोम आपटण्यापासून वाचवतो, टोचण्यापासून नाही. ई-इंकच्या, म्हणजे ई-रीडरमधल्या कागदासारख्या दिसणाऱ्या, बऱ्याच स्क्रीनमध्ये आत पातळ काच असते. पिशवीतल्या किल्लीचं टोक एका जागी दाबलं गेलं तरी ती तडकते. वरून ओरखडाही दिसत नाही, पण अर्ध्या पानावर जुनीच अक्षरं गोठून राहतात. म्हणून स्क्रीनच्या बाजूला, फोम आणि अस्तर यांच्या मधे, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, कोपरे गोल केलेला पुठ्ठा घालावा. तो सरकू नये म्हणून अस्तराच्या मागे कापडी खिसा शिवावा आणि पुठ्ठ्याची जाडी वरच्या हिशेबात मिळवावी. कव्हर धुवायचं असेल तर पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकची शीट.

तोंड बंद करायला चुंबकाचं बटण शक्यतो टाळावं. कव्हर उघडलं-मिटलं हे ओळखण्यासाठी कित्येक यंत्रांत चुंबकाला प्रतिसाद देणारा सेन्सर असतो. पिशवीतल्या पिशवीत स्क्रीन सुरू-बंद होत राहते आणि बॅटरी उतरते. वेल्क्रोची काटेरी बाजू अस्तराचे धागे उपसते. चेन लावली तर तिच्या आतून दोन सेंटिमीटरची कापडी पट्टी हवीच, नाहीतर यंत्र आत-बाहेर करताना कडा दात्यांवर घासतात. सगळ्यात सोपं म्हणजे इलॅस्टिकचा फास आणि बटण, तेही स्क्रीनच्या उलट बाजूला.

यापुढे अशी कृती छापताना यंत्राची जाडी, फोमची जाडी आणि माया हे तीन आकडे मापाशेजारीच द्यावेत, ही विनंती.

आपली,
शिवणकाम शिकवणारी एक वाचक